खिंडीत टिकेल असा तंबू

त्या सकाळी माझ्या बहिणीनं, ओपलनं, जिल्ह्याचा बर्फ सारायचा ट्रक रस्त्याच्या टोकापर्यंत नेला आणि वाटेत सारत आणलेला सगळा बर्फ लोखंडी फाटकासमोर नेऊन ओतला. मग ट्रक मागे घेतला, पुन्हा पातं टेकवलं आणि त्यावर आणखी एक ढीग चढवला. दुपारपर्यंत तो गोठून दगड झाला. फाटकाच्या आत राहणाऱ्या लायल बेक्स्ट्रमला तो फोडून बाहेर पडायला दुसऱ्या दिवशीची संध्याकाळ झाली.

ओपलला तिच्या साहेबानं बोलावून घेतलं. "चूक झाली, की मुद्दाम केलंस?"

"मुद्दाम," ओपल म्हणाली. "चुकून एवढं नीट जमतं का?"

तिला लेखी ताकीद मिळाली. तिनं त्या कागदाची घडी घातली आणि स्वयंपाकघरातल्या डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सरकवली.

तिला राग कशाचा होता ते सांगायला हवं, कारण आमच्या विलो फोर्क गावात तिच्या रागाच्या गोष्टी पुष्कळ सांगतात, कारण मात्र अर्धवटच सांगतात. फाटकापर्यंतचा रस्ता जिल्ह्याचा. फाटकाच्या पुढे हॅस्केल मंडळींचं रान, गुरांचं. त्या रानातून तोच रस्ता चढत जाऊन सरकारी जंगलात शिरतो आणि मिठाच्या खोऱ्यात पोचतो. तिथल्या मातीला खारट चव आहे, म्हणून एल्क तिथे चाटायला येतात. घोड्याएवढाली हरणं ती. आमचे आजोबा फिनलंडहून खाणीत कामाला आले, त्यांच्या काळापासून आमच्या लाहती घराण्याचं हिवाळ्याचं मांस त्या खोऱ्यातून येतं. हॅस्केलांनी कधी कुणाला अडवलं नाही. "गुरं बाहेर जाऊ देऊ नका," एवढंच म्हणायचे.

मग म्हातारे हॅस्केल गेले, मुलांनी रान विकलं. घेणारा माणूस वर्षातून दोनदा स्वतःच्या विमानानं येतो. त्याचं तोंड मी अजून पाहिलेलं नाही. पहिल्याच उन्हाळ्यात त्यानं फाटक बसवलं, कुलूप घातलं, खांबावर कॅमेरा लावला. रस्ता खाजगी आहे, असा बोर्ड लागला. जंगल सगळ्यांचं, पण जंगलात जायची वाट एकट्याची. आणि हिवाळ्यात त्या फाटकापर्यंतचा बर्फ सारायचं काम कुणाचं, तर ओपलचं. रोज पहाटे ती त्याच्यासाठी वाट मोकळी करायची आणि फाटकाला नाक लावून परत फिरायची. तुम्ही असता तर काय केलं असतंत?

जिल्हा समितीच्या बैठकीत ती बोलायला उभी राहिली. आम्ही तिघं-चौघंच होतो. अध्यक्ष म्हणाले, "ओपल, त्या माणसाशी कोर्टात भांडायची आपली ऐपत नाही."

"मग माझ्याशी भांडा," ती म्हणाली. "मी स्वस्त आहे."

पुढचा विषय कचऱ्याच्या डब्यांचा होता.

मी आर्नी, तिचा धाकटा भाऊ, शाळेत बॉयलर सांभाळतो. शिकारीला आम्ही दोघं बरोबर जात आलो. ओपलचा नवरा फार पूर्वीच सोडून गेला. तो जाताना ती रागावली नव्हती, हे ती स्वतःच सांगते. "त्याच्यावर कशाला वाया घालवू?" म्हणते.

फाटक लागल्यावर घोडे विकावे लागले. खोऱ्यात जायची दुसरी वाट आहे, पण ती डोंगराला अर्धा दिवस वळसा घालून पलीकडून सुरू होते, आणि खिंड चढून दगडांच्या घसरणीवरून खाली उतरते. तिथे घोड्याचा पाय मोडेल. म्हणजे आता जायचं ते पायी, सगळं पाठीवर घेऊन. आमच्या वडिलांचा कॅनव्हासचा तंबू, त्यातली लोखंडी शेगडी, हे दोन घोड्यांचं ओझं होतं. तो तंबू ओपलनं गॅरेजमध्ये टांगून ठेवला. त्यातून अजून धुराचा आणि ओल्या लोकरीचा वास येतो.

आम्ही मोठ्या शहरात तंबू घ्यायला गेलो तो दिवस मला चांगला आठवतो. दुकानात भिंतीपासून भिंतीपर्यंत तंबूच तंबू उभे होते, सगळे लहान मुलांच्या खेळण्यांच्या रंगाचे. ओपल आत शिरली तीच कान लाल करून. निघण्याआधी ती फाटकापर्यंत जाऊन आली होती आणि तिथे आणखी एक बोर्ड लागलेला तिनं पाहिला होता.

"सगळ्यात हलका कुठला?" तिनं विचारलं.

दुकानातल्या मुलीनं एक गुंडाळी तिच्या हातात दिली. पावाच्या लादीएवढी. ओपलनं ती तळहातावर झेलून पाहिली.

"हाच."

"कधी जाणार तुम्ही?" मुलीनं विचारलं.

"नोव्हेंबर संपता संपता. शिकारीचा शेवटचा आठवडा."

"मग हा नको. आतून अर्धी जाळीच आहे ह्याला. वरचं कापड जमिनीपासून वीतभर उंच राहतं, खालून वारा शिरतो. चालायच्या काठ्यांवरच उभा राहतो हा, वेगळे दांडे नाहीत. बर्फाचं वजन नाही पेलायचा. तो कोपऱ्यातला बघा, एकात एक अडकलेल्या दांड्यांचा. जड आहे थोडा, पण बाराही महिन्यांचा."

"थोडा म्हणजे?"

मुलीनं तोही तिच्या हातात दिला. ओपलनं तो लगेच परत ठेवला.

"ऐक तिचं," मी म्हणालो.

"आर्नी, त्या माणसानं माझा रस्ता घेतला. माझे घोडे घेतले. आता माझी पाठपण मोडणार का तो? हलकाच नेणार मी. पळत जाणार त्या खिंडीवरून. बघू दे त्याला."

"तो बघणार नाहीये. तो इथे नसतोच."

"हाच बांधून दे," ती त्या मुलीला म्हणाली. मुलीनं माझ्याकडे पाहिलं. मी खांदे उडवले. रागावलेल्या ओपलच्या हातातून वस्तू काढून घेणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही पलीकडून चढलो. हवा छान होती. खिंडीत ऊन होतं, आणि ओपल खरोखरच पळत असल्यासारखी चालली होती. वर उभी राहून तिनं खालच्या रानाकडे, त्या रस्त्याच्या पांढऱ्या रेघेकडे पाहिलं आणि मोठ्यानं शिवी दिली. बरं वाटलं तिला. मलाही वाटलं.

खोऱ्यात पोचलो तेव्हा जमीन गोठलेली होती. मेखा आत जाईनात, दोन वाकल्या. दोऱ्या दगडांना बांधून कसाबसा तंबू ताणला. दुपारी बर्फ सुरू झाला. आधी ओला, जड, ओंजळीओंजळीनं पडावा तसा. मग वारा फिरला. बाहेरच्या कापडाखालून बारीक बर्फ उडून आत यायचा आणि जाळीतून, चाळणीतून पीठ पडावं तसा आमच्या तोंडावर पडायचा. आमच्या श्वासाची वाफ वर जाऊन गोठायची आणि कापड हललं की तीही खाली. आम्ही आळीपाळीनं आतून छपराला धक्के देत राहिलो. बोलत नव्हतो. बोलण्यासारखं एकच होतं, आणि ते मी दुकानात बोललो होतो.

उजाडता उजाडता एक काठी मोडली. मोडलेलं टोक कापडातून आरपार गेलं, कापड शिवणीपर्यंत उसवत गेलं आणि सगळं छप्पर आमच्या अंगावर बसलं. बाहेर सरपटत आलो तेव्हा स्लीपिंग बॅगा चिंब होत्या. खिंड दिसतच नव्हती. जिथे ती असायला हवी तिथे नुसता करडा पडदा होता आणि गुरगुरणारा आवाज.

"खाली चल," मी म्हणालो.

"कुठे खाली?"

"रस्त्यानं. फाटकाकडे."

"मेले तरी त्याच्या जमिनीवर पाय ठेवणार नाही."

"मेलीस तर तुला ओढत त्याच जमिनीवरून न्यावं लागणार आहे मला. म्हणजे जायचं तर आहेच. चालत चल, माझी मेहनत वाचेल."

"तू जा."

तेव्हा माझं डोकं फिरलं. आयुष्यभर मी तिच्या रागाला वाट देत आलो होतो. जेवणाच्या टेबलावर, गाडीत, आईच्या दफनाच्या दिवशीसुद्धा. "कुणावर रागावलीयस तू?" मी ओरडलो. "तो माणूस कुठेतरी गरम पाण्यात पाय सोडून बसलाय! त्याला तू माहीतसुद्धा नाहीस! हा तंबू त्यानं नाही घेतला, तू घेतलास! आणि माझ्या डाव्या पायाची बोटं मला जाणवत नाहीयेत, ओपल!"

ती माझ्याकडे बघत राहिली. मग खाली बसली, माझा बूट ओढून काढला, मोजा काढला, जाकिटाची चेन उघडली आणि माझा पाय स्वतःच्या उघड्या पोटाशी धरून बसली. तिचे दात वाजत होते. बऱ्याच वेळानं तिनं तिच्या कोरड्या मोज्यांची जोडी मला घातली आणि म्हणाली, "ऊठ. जाऊ."

आम्ही तंबू तिथेच दगडाखाली दाबून टाकला आणि रस्त्यानं उतरलो. जन्मभर ज्या रस्त्यानं गेलो त्याच रस्त्यानं चोरासारखे.

कुरणाच्या कडेला लायलचा ट्रक दिसला. तो गुरांना गवत टाकत होता. लायल बेक्स्ट्रम आमच्याच शाळेतला, ओपलच्या वर्गातला. लहानपणी आमच्या वडिलांच्या तंबूत शेगडीच्या सगळ्यात जवळ कोण झोपणार यावरून तो आणि ओपल मारामारी करायचे. पुढे डॅरलीनशी लग्न करून तो हॅस्केलांकडे कामाला लागला, आणि रान विकलं गेलं तेव्हा रानाबरोबर त्याचीही नोकरी नव्या मालकाकडे गेली. फाटकाची किल्ली त्याच्याकडे.

त्यानं आम्हाला पाहिलं, गवताचा काटा खाली ठेवला आणि ट्रकचं दार उघडलं. "बसा."

आत हीटर चालू होता. त्यानं थर्मासमधली कॉफी ओतून दिली. ओपलचे हात इतके थरथरत होते की कप मला धरावा लागला. फाटकाशी येऊन त्यानं गळ्यातली साखळी काढली आणि कुलूप उघडलं. परत येऊन बसतो न बसतो तोच ओपलला कंठ फुटला.

"गळ्यात घालतोस होय रे ती? कुत्र्याच्या पट्ट्यासारखी?"

"ओपल," मी म्हणालो.

"थांब तू. मला ह्याच्याकडून ऐकायचंय. माझ्या बापानं तुला पहिली बंदूक धरायला शिकवली. त्याच्या पोरांच्या तोंडावर फाटक लावताना काय वाटलं तुला?"

लायलनं दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. "माझं घर मालकाच्या जमिनीवर आहे. डॅरलीनचे उपचार नोकरीच्या विम्यावर चाललेत. नोकरी सोडली की दोन्ही गेलं. तू सांग ना, काय करायला हवं होतं मी? तुझ्यासारखा बर्फाचा ढीग घालू? आणि तो ढीग फोडला कुणी, माहितीय? मालकानं नाही. मी फोडला. खांदा गेला माझा त्यात."

"निदान हात तरी थरथरायला हवे होते."

"थरथरले," लायल म्हणाला. "तू नव्हतीस बघायला."

दवाखान्याच्या दारात तो आम्हाला सोडून गेला. माझ्या डाव्या पायाचं एक बोट काढावं लागलं. शुद्धीवर आलो तर ओपल खुर्चीत बसलेली, हातात आमच्या चुलतीनं पाठवलेला वेलदोड्याचा पाव, न खाल्लेला.

"दुकानातच का नाही ओरडलास असा?" ती म्हणाली. तिचे डोळे सुजले होते.

"ओरडलो असतो तर ऐकलं असतंस?"

"नाही." तिनं पाव माझ्या पांघरुणावर ठेवला. "पण ओरडायला हवं होतंस."

तो हिवाळा तिनं बर्फ सारला, पण फाटकासमोर ढीग घातला नाही. राग गेला होता असं नाही. आधी तो सगळीकडे उडायचा, आता ती त्याला धरून होती. गाव म्हणायचं, ओपल निवली. मला तसं वाटत नव्हतं. ती आता दात आवळून शिट्टी वाजवायची, आणि ती मला जास्त भीतीदायक वाटायची.

एप्रिलमध्ये आमच्याकडे पडतो तो बर्फ सगळ्यात वाईट. पाण्यानं भरलेला, फावडं उचलवत नाही असा. त्याच आठवड्यात तिच्या अंगणात तीन तंबू उभे राहिले. एक शाळेतल्या शिक्षकाचा, एक पोस्टमनचा, आणि तिसरा तिनं त्याच दुकानातून वापरून पाहायला आणलेला. ती ओल्या बर्फाचं फावडं भरून एकेकाच्या डोक्यावर टाकत होती.

"पोस्टमनला सांगितलंयस का हे?" मी विचारलं.

"सांगितलं. तो म्हणाला, मोडलास तर नवीन दे. मी म्हटलं, मोडला तर तुझा जीव वाचला असं समज."

पोस्टमनचा मोडला. मधोमध छप्पर सपाट होतं, बर्फ तिथेच तळं करून बसला आणि दांडा चटकन गेला. पोस्टमन कुंपणापाशी उभा राहून बघत होता. "अरे देवा," एवढंच म्हणाला तो. त्या तंबूत तो मुलीला घेऊन जाणार होता.

शिक्षकाचा तंबू मधल्या एकाच खांबाचा, शंकूसारखा, तळाला कापड नाही, आणि आत पत्र्याची घडीची चूल लावता यायची. त्यावरून बर्फ घसरून जायचा. माझं मन त्याच्यावर बसलं. बोट गमावलेल्या माणसाला चुलीशिवाय दुसरं काही दिसत नाही.

"हाच घेऊ," मी म्हणालो. "मोजे वाळतील, बूट वाळतील. वजनही कमी."

"चुलीत घालणार काय?"

"लाकूड. खोऱ्यात मरणाचं लाकूड आहे."

"खोऱ्यात आहे. खिंडीत?"

"खिंडीत कोण राहतंय?"

"आपण," ती म्हणाली. "मागच्या वेळी खिंड बंद झाली म्हणून खाली जावं लागलं. मला आता खाली जायचं नाही. कधीच नाही. लायलच्या ट्रकमध्ये पुन्हा बसायचं नाही. खिंडीत अडकलो तर खिंडीतच बसायचं, वारा पडेपर्यंत. तिथे झाड नाही, काडी नाही. तिथे तुझी चूल म्हणजे थंड पत्रा. आणि हा शंकू, ह्याच्या एका बाजूच्या मेखा सुटल्या की संपलं. चांगल्या जागेसाठी तंबू नाही घ्यायचा, आर्नी. सगळ्यात वाईट जागेसाठी घ्यायचा."

हे बोलताना ती तिसऱ्या तंबूवर फावडं रिकामं करत होती. तोच तो, दुकानातल्या कोपऱ्यातला, चार दांडे एकमेकांवरून गेलेला. बर्फ टाकला की थोडा दबायचा आणि मग अंग झटकल्यासारखा वर यायचा. बाहेरचं कापड थेट जमिनीपर्यंत. वर वाफ जायला दोन झरोके, त्यांना टोपी. दाराशी ओसरीसारखी जागा, तिथे ओले बूट ठेवता यायचे, पाणी उकळता यायचं. मेखा बसल्या नाहीत तरी तो दांड्यांच्या जोरावर उभा राहायचा. दोऱ्यांना कापडी पिशव्या बांधून त्यात बर्फ भरून पुरायच्या, की झालं. दोष एकच, वजन.

"ते कुठून कमी करणार?" मी विचारलं.

तिनं फावडं टेकवलं आणि माझ्याकडे पाहिलं. "तू बिडाचा तवा आणतोस. दुर्बिणीची तिवई आणतोस. ब्रँडीची काचेची बाटली. आणि जास्तीची पँट, जी तू कधीच बदलत नाहीस. घरी ठेव. आणि मी तो माणूस घरी ठेवते."

"कुठला माणूस?"

"तोच, विमानवाला. त्याला पाठीवर घेऊन चढले होते मी."

त्या तंबूचे पैसे द्यायला गेलो तेव्हा दुकानात ती मुलगी होती. ओपलनं तिला सांगितलं, "मागच्या वेळी तू बरोबर होतीस आणि मी उर्मट होते." मुलगी गोंधळली. तिला आठवतच नव्हतं. ओपलला त्याचाही राग आला.

पुढच्या नोव्हेंबरात आम्ही गेलो. जातानाच खिंडीत वाऱ्यानं गाठलं. समोरचा हात दिसेना. ओपल म्हणाली, "इथेच," आणि आम्ही दगडांच्या आडोशाला तंबू लावला, पिशव्या पुरल्या. दुसरा सगळा दिवस आत काढला. भिंती फडफडत होत्या, दांडे कमानीसारखे वाकत आणि परत सरळ होत होते. ओसरीत पाणी उकळत होतं. आत उबदार नव्हतं, पण कोरडं होतं. मला वाटलं, आता तरी ती खूश असेल. तर ती छताकडे बघत शिव्या देत होती, एका लयीत, जप करावा तशी.

"आता काय झालं?" मी विचारलं. "टिकलाय की!"

"टिकलाय, म्हणून तर. हा एवढा सगळा खटाटोप, तुझं बोट, हा दगड माझ्या कंबरेखाली, कशासाठी? तर जो रस्ता आपलाच आहे, त्यावर जायला नको म्हणून. तंबू चांगला आहे म्हणून मी त्या माणसाला माफ करायचं का?"

मी ओसरीतलं उकळतं पाणी तिच्या कपात ओतलं.

वारा पडल्यावर खोऱ्यात उतरलो, आणि दुसऱ्या सकाळी ओपलनं एक मादी मारली, एका गोळीत. हाडांवरून मांस उतरवून पाठीवर बांधलं आणि खिंड चढलो, खाली ठेवलं, परत गेलो, पुन्हा चढलो. दुसऱ्या फेरीत माझा डावा पाय आगीत घातल्यासारखा झाला. घोड्यावरून हे काम दुपारच्या जेवणाआधी व्हायचं. खाली तो रस्ता रिकामा पडला होता. त्यावर एक चाकही फिरलेलं नव्हतं.

घरी आल्यावर मी तिला सांगितलं, "माझं झालं आता. पाय नाही म्हणतो." तिनं सुरी उचलली आणि मांस कापायला घेतलं.

त्या वसंतात जिल्हा समितीची पुन्हा बैठक झाली. या वेळी हॉलमध्ये बसायला जागा नव्हती. पोस्टमन होता, शिक्षक होता, चर्चची मंडळी होती, शेजारच्या गावातले शिकारी होते. ओपल हिवाळाभर घरोघर हिंडली होती, आणि तिला दारातून परत पाठवायची कुणाची छाती नव्हती. वकील म्हणाला, हा रस्ता लोक पिढ्यान्‌पिढ्या कुणाला न विचारता वापरत आले हे कुणी शपथेवर सांगितलं, तर कोर्टात उभं राहता येईल. पण त्या रानात काम केलेलं, आतलं माणूस हवं. हॅस्केल मंडळी तर साक्षीला तयार नव्हती.

मागच्या रांगेतून लायल उठला. मला तो तोवर दिसलाच नव्हता. त्यानं टोपी काढली.

"मी सांगतो," तो म्हणाला. "मी दहा वर्षांचा असल्यापासून त्या रस्त्यानं जातोय. लाहतींच्या घोड्यावर बसून. कुणी कधी परवानगी मागितली नाही, कारण मागायची असते हेच कुणाला माहीत नव्हतं. लिहून घ्या."

त्याच्या बायकोला, डॅरलीनला, आम्ही त्याच जानेवारीत पुरलं होतं.

सगळे वळून ओपलकडे बघायला लागले. तिनं काय करावं अशी त्यांची अपेक्षा होती देव जाणे. ती उठली, दोन खुर्च्या ओलांडून त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"तीन वर्षं!" ती म्हणाली. "तीन वर्षं कुठे होतास?"

"तुला माहितीय कुठे होतो."

"माहितीय. म्हणून तर जास्त राग येतो." आणि ती हॉलबाहेर निघून गेली. दार आपटलं.

महिन्याच्या आत लायलची नोकरी गेली आणि घरही. तो गावात आला, पेट्रोल पंपामागच्या खोलीत राहायला लागला. खटला कोर्टात आहे. वकील म्हणतात वेळ लागेल. ओपल त्याच्याशी रस्त्यात बोलायची नाही. पण ऑक्टोबरमध्ये एकदा मी तिच्याकडे गेलो तर दाराबाहेर लायलची गाडी, आणि आत दोघं टेबलाच्या दोन बाजूंना, मध्ये तंबूचे दांडे पसरलेले.

"आर्नी येत नाही," ओपल मला म्हणाली, मी तिथे नसल्यासारखं. "एकटीनं मांस आणता येत नाही. ह्याला आता काही काम नाही. म्हणून."

"मला विचारलं नाही तिनं," लायल म्हणाला. "फोन केला आणि म्हणाली, बूट दुरुस्त करून घे."

ते दोघं नोव्हेंबरात गेले. पाच दिवसांनी परत आले, मांस घेऊन, वाऱ्यानं सोललेली तोंडं घेऊन. मी कॉफी केली. खिंडीत या वेळीही अडकले होते, दोन दिवस, त्या एवढ्याशा जागेत खांद्याला खांदा लावून.

"काय बोललात?" मला राहवेना.

"घोरतो हा," ओपल म्हणाली. "आधी कधी सांगितलं नव्हतं."

"आणि ही झोपेतपण शिव्या देते," लायल म्हणाला. "मला, नाव घेऊन."

"जागेपणीच्या पुरत नाहीत म्हणून."

"मग मिटलं का तुमचं?"

दोघांनी एकदम माझ्याकडे पाहिलं, मी काही घाणेरडं बोललो असल्यासारखं.

"नाही," ओपल म्हणाली आणि सुरीला धार लावायला घेतली. "ती टांग इकडे घे, लायल. नीट धर. अशी नाही रे, अशी. काय शिकवलं होतं माझ्या बापानं तुला?"